बिनघामाचा उन्हाळा

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात तीन थर्मामीटर होते. एक भिंतीवर, कॅलेंडरच्याच खिळ्याला अडकवलेला, खोली किती तापली ते सांगणारा. दुसरा माझ्या उशाशी काचेच्या पेल्यात कापसावर उभा, मी किती तापले ते सांगणारा. आणि तिसरा बाबांच्या शर्टाच्या खिशात, कारण पहिल्या दोघांवर बाबांचा पुरता विश्वास नव्हता. बाबा शहराच्या पलीकडच्या टोकाला, मोठ्या कारखान्यात उपकरणं तपासण्याच्या कामावर होते. कुठल्या भट्टीत किती उष्णता आहे हे सांगणारे काटे बरोबर चालतात की नाही, हे पाहण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. एखादा काटा खोटं बोलतोय असा संशय आला की त्यांना जेवण जात नसे. अशा माणसाच्या घरात, भोपाळमधल्या कोटरा सुल्तानाबादच्या त्या तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत, आता एक अशी मुलगी होती जिचं तापमान खोलीबरोबर वर जायचं आणि खोलीबरोबर खाली यायचं. ती मुलगी म्हणजे मी.

मी एकोणीस वर्षांची होते. आदल्या पावसाळ्यात मैत्रिणीच्या मोपेडवर मागे बसून येताना कोटऱ्याच्या उतारावर गाडी घसरली आणि माझ्या पाठीचा कणा दोन खांद्यांच्या मधोमध दुखावला. हात वाचले, छातीखालचं सगळं गेलं. नागपूरच्या दवाखान्यातले महिने मी इथे लिहीत नाही. ते ज्यांनी पाहिले त्यांना आठवतात आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळत नाहीत. एवढंच सांगते, की तिथे सगळे माझ्या पायांबद्दल बोलायचे. घामाबद्दल एकच बाई बोलली, रात्रपाळीची एक सिस्टर. घरी सोडायच्या दिवशी ती आईला म्हणाली, "बाई, हिला आता घाम यायचा नाही. उन्हाळ्यात जपा." आई मान डोलावून हो म्हणाली. पण मनात तिला बरंच वाटलं असणार. आई मूळची नागपूरची. तिच्या माहेरी मे महिन्यात घामाने भिजलेली पोलकी दिवसातून दोनदा दोरीवर पडायची. घाम नाही म्हणजे तेवढं धुणं कमी, असं तिने तेव्हा धरलं, हे तिने मला बऱ्याच वर्षांनी हसत हसत सांगितलं.

आधी हिवाळा आला. भोपाळचा हिवाळा बाहेरच्यांना गुलाबी वाटतो, पण तलावावरून येणारा वारा संध्याकाळी दाराच्या फटीतून आत शिरला की माझं अंग दगडासारखं गार पडायचं. कुडकुडायला व्हायचं ते फक्त जबड्याला आणि हातांना. उरलेल्या देहाला थंडी वाजते आहे याची बातमीच नसायची. आईने एकदा मायेने गरम पाण्याची रबरी पिशवी माझ्या पायांशी ठेवली. सकाळी पांघरूण काढलं तर टाचेवर लिंबाएवढा फोड. मला काही कळलंच नव्हतं. तो भरायला संक्रांतीपासून होळीपर्यंतचा काळ लागला, आणि तेवढे सगळे दिवस आई माझ्या टाचेला मलम लावताना माझ्याकडे बघत नसे. तेव्हापासून घरात नियम झाला की गरम असो की बर्फ, माझ्या अंगाला थेट काही लावायचं नाही. मध्ये दुहेरी टॉवेल हवाच आणि दर पाच मिनिटांनी उचलून कातडी बघायची. आजही माझ्याकडे नवीन मदतनीस बाई आली की मी तिला स्वतःचं नाव सांगायच्या आधी हा नियम सांगते.

मग एप्रिल लागला. वर्षाचा गहू आला होता आणि आई ओसरीवर ताटं मांडून निवडायला बसली होती. मी म्हटलं, मलाही बसव. इतक्या महिन्यांनी घरातलं काम हाताला येणार म्हणून मला आनंद झाला होता. मांडीवर ताट, बोटांखाली गार गार गहू, रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक, शेजारच्या घरातून फोडणीचा वास. दोन तास मी निवडत होते. ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं होतं, अंगावर नव्हतं. मला फक्त कान गरम लागत होते. मग गव्हाचे दाणे दोन दोन दिसायला लागले. आईने गालाला हात लावला आणि दचकली. थर्मामीटर लावला तर एकशे तीन. ताप म्हटल्यावर तिने ताप आलेल्या लेकराला करतात तेच केलं. आत नेऊन निजवलं, तापाची गोळी दिली, वर चादर घातली, खिडकी लावून घेतली. अर्ध्या तासात एकशे चारच्या जवळ. डोकं फुटतंय असं वाटत होतं आणि मी आईला काहीतरी सांगत होते, पण शब्द जुळत नव्हते.

त्या दिवशी बाबांची पहिली पाळी होती म्हणून ते तीनच्या सुमाराला घरी पोचले. त्यांनी दारातच चपला सोडल्या, माझ्या कपाळाला हात लावला, मग छातीला, मग पोटरीला. भिंतीवरचा काटा बघितला. "चादर काढ," ते आईला म्हणाले.

"अहो, तापात वारा लागंल न तिला."

"हा ताप नाहीये. ताप आतून येतो. हा बाहेरून आलाय. भिंत तापते तशी तापली आहे पोर."

त्यांनी मला उचलून चाकांच्या खुर्चीत बसवलं, न्हाणीत नेलं आणि साध्या पाण्याने ओले केलेले पंचे मानेवर, काखेत, मांड्यांवर टाकले. आईला पुठ्ठ्याने वारा घालायला लावला. तासाभरात मी शंभरावर आले आणि मला भूक लागली. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली हे मला भांड्यांच्या आवाजावरून कळलं. बाबा रडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर मी वेगळंच काही पाहिलं. पावसाळ्यापासून ते माझ्या पलंगाशी यायचे, उभे राहायचे आणि जायचे. मणका त्यांच्या हातातली गोष्ट नव्हती. पण उष्णता होती. त्या रात्री जेवताना त्यांनी ताटात मधोमध भाताचा ढीग केला आणि आईला समजावू लागले, की घाम म्हणजे नुसतं पाणी नाही, ते वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं. हिच्यात पाणी बाहेर टाकणारी व्यवस्था बंद आहे. मग ते पाणी आपण बाहेरून द्यायचं. आई म्हणाली, "आधी भात खा." पण मला उठून बसावंसं वाटत होतं. कित्येक महिन्यांनी आमच्या घरात कोणीतरी माझ्याविषयी "आता काय करायचं" असं न म्हणता "असं करून बघू" म्हणत होतं.

दुसऱ्या दिवशी येताना बाबा न्यू मार्केटमधून केस कापणाऱ्यांकडे असते ती पाणी फवारायची बाटली घेऊन आले. मला कूलरसमोर बसवलं, मानेवर, हातांवर, गुडघ्यांपर्यंत फवारा मारला आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटांनी पुन्हा फवारा, पुन्हा वारा. थर्मामीटर तोंडात असल्यामुळे मला बोलता येत नव्हतं, पण बाबांचे डोळे घड्याळावर आणि माझे बाबांवर. वीस मिनिटांत पारा एक अंश उतरला. माझे बाबा अबोल, हळू चालणारे. त्या दिवशी त्यांनी आईला पिठाच्या हातांनिशी मनगट धरून बाहेर आणलं. "बघ," म्हणाले, "हिचा घाम मी बाटलीत भरून आणला."

तिथून आमच्या घराला जणू चळ लागला. बाबांनी एक वही सुरू केली. सकाळी सात, दहा, एक, चार, सात, अशा वेळा, खोलीचा आकडा आणि माझा आकडा शेजारी शेजारी. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरचा पंप दिवसभर गुळगुळ वाजायचा, खोलीत ओल्या वाळ्याचा वास भरायचा, आणि दर तासाला माझ्या उशाशी काहीतरी यायचं. कैरीचं पन्हं, पातळ ताक, बेलाचं सरबत, काकडीच्या चकत्या, संध्याकाळी सातूचं पीठ गूळ घालून. किती प्यायचं आणि लघवीची नळी कधी घालायची याचंही वेळापत्रक जुळवावं लागायचं, आणि ते आईने जुळवलं. वहीत तिचं अक्षर नव्हतं, पण सगळं तिच्या डोक्यात होतं. दहा ते पाच मी बाहेर पडायचं नाही असं ठरलं. मला ते जाचत होतं, पण एक गोष्ट मनात सारखी उड्या मारत होती. माझं अंग आता मला थोडं वाचता येत होतं. कान गरम झाले की शंभर. जीभ जड झाली की एकशे एक. अक्षरं हलायला लागली की थांबायचं. आता मला एसी आहे, इंटरनेटवरून मागवलेलं गार राहणारं जाकीट आहे, हातावरच्या घड्याळात आकडे येतात. पण अजूनही मी आधी कानांना विचारते.

अशा त्या एप्रिलच्या एका सकाळी बोधनकरकाका आले. ते टी. टी. नगरात सरकारी कचेरीत काम करायचे आणि जिवाचं रान करून आमच्या मराठी मंडळाची नाटकं बसवायचे. दर मे महिन्यात आसपासच्या शहरांतली मराठी मंडळं एकांकिका घेऊन भोपाळला यायची, त्याची स्पर्धा व्हायची. काकांनी त्या वर्षी स्वतः एकांकिका लिहिली होती. एक म्हातारी आहे. तिला मुलगा पुण्याला न्यायला आलाय, सून सामान बांधते आहे, आणि म्हातारी खुर्चीतून उठायलाच तयार नाही. चाळीस मिनिटं ती बसल्या जागेवरून सगळ्यांना नाचवते. म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंच्या यजमानांची अचानक रायपूरला बदली झाली होती.

"खुर्ची तुझ्याकडे आहे, आवाज तुझ्याकडे आहे," काका मला म्हणाले. "केस आपण पांढरे करून राहिलो."

पडल्यापासून माझ्या खुर्चीबद्दल इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं. मला हसू आलं, आणि मग मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. आई म्हणाली, "भाऊ, मे महिना आहे. हिला ओसरीवर बसवत नाही मी." काका गेल्यावर बाबांनी एकच विचारलं, "रंगमंचावर दिवे किती असतात?"

सकाळी साडेसहाला तालमी सुरू झाल्या. मंडळाचं सभागृह त्या वेळी गार असायचं. माझ्या सुनेचं काम शुभा करायची, बँकेत नोकरीला लागलेली, बोलता बोलता अर्धी हिंदीत जाणारी. पहिल्या दिवशी माझ्याशी जपून वागत होती. तिसऱ्या दिवशी मी म्हातारीच्या आवाजात तिला अशी झापली की ती खरोखरच चिडली, आणि मग आमचं जमलं. मला वाक्यं दोन दिवसांत पाठ झाली होती. मी ती न्हाणीत म्हणायचे, ताक पिताना म्हणायचे, आईला म्हातारीसारखी हाक मारायचे. "हा कुठला हिशोब गं तुझा, सूनबाई?" म्हटलं की आई उत्तर द्यायच्या आधी दोनदा थबकायची. वर्षभर माझा आवाज फक्त काही मागायला वापरला गेला होता. आता तो खोली भरून टाकत होता, आणि मला तो ऐकायला फार आवडत होतं.

दिव्यांचा प्रश्न बाबांनी हातात घेतला. सभागृहाचे दिवे सांभाळणारे रफीकभाई म्हणून होते, जुन्या शहरातले. बाबांनी त्यांना एका सकाळी सगळे दिवे लावायला सांगितले, मला खाली बसवलं आणि घड्याळ धरलं. रफीकभाई वरून बघत होते. "को खां," ते शेवटी अस्सल भोपाळी थाटात म्हणाले, "नाटक कर रिये हो के बिटिया को सेंक रिये हो?" बाबांनी त्यांना सगळं नीट सांगितलं. ते ऐकून रफीकभाईंनी माझ्या डोक्यावरचे दोन दिवे फिरवून मागच्या भिंतीवर पाडले आणि म्हणाले, भिंतीवरून जो उजेड परत येईल त्यात बिटिया दिसेल पण भाजणार नाही. वहीत आकडे आले. कूलर चालू असतील, आत ओलं जाकीट असेल, तर चाळीस मिनिटांत मी शंभराच्या आत राहणार होते. ते जाकीट आईचं. जुन्या धोतराचे चार पदर शिवून तिने बिनबाह्यांचं केलं होतं, पाण्यात बुडवून पिळायचं आणि पोलक्याआत घालायचं. वरून नऊवारी. कुणाला काही दिसणार नव्हतं. तरीही बाबांनी एक खूण ठरवली. मला सहन होत नसेल तर मी पदर दोनदा कपाळाला लावायचा. मग पडदा पडेल, नाटक संपेल. "त्यात कमीपणा नाही," बाबा म्हणाले. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, पदर गुडघ्यावरच राहील.

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आमचा नंबर दुपारी तीनचा निघाला. स्पर्धेच्या दिवशी आईने देवाजवळ दिवा लावला आणि माठ घेतला. होय, माठ. काकांनी मिळवलेल्या जीपच्या मागच्या सीटवर ती मांडीत भरलेला माठ धरून बसली होती आणि एका हाताने माझ्यावर फवारा मारत होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, डांबर पाण्यासारखं चमकत होतं, आणि मी मागे बसून म्हातारीची वाक्यं म्हणत होते. मला भीती वाटत नव्हती असं लिहिलं तर खोटं होईल. पण त्या भीतीला लग्नघरासारखा वास होता.

पडदा उघडला आणि समोर काळोखात तीन-चारशे माणसं. पहिल्या वाक्याला हशा आला. हशा अंगावर येतो तेव्हा कसं वाटतं हे मला तोवर माहीत नव्हतं. छातीखाली मला काही कळत नाही, पण तो हशा मला पायांपर्यंत पोचल्यासारखा वाटला. पहिली वीस मिनिटं मी जणू उडत होते. शुभा ट्रंक भरायची, मी त्यातलं एकेक बाहेर काढायला लावायची, लोक हसायचे. आणि मग एक "खट्" असा आवाज झाला आणि सगळं अंधारलं. वीज गेली होती. मिनिटभरात जनरेटर घरघरला, दिवे आले, माइक आला. कूलर आले नाहीत. जनरेटरवर तेवढंच चालायचं.

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आम्ही पुढे सुरू केलं. पाच मिनिटांत माझे कान तापले. बंद सभागृहात चारशे माणसांचे श्वास, आणि वारा नाही. वारा नाही म्हणजे ओलं जाकीटही निरुपयोगी, पाणी वाळायलाच तयार नाही. शुभाच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि मला तिचा इतका हेवा वाटला की अजून आठवतो. विंगेत बाबा दिसले. ते खिशातला थर्मामीटर काढून बघत होते, मग माझ्याकडे. जीभ जड झाली. एक वाक्य मी अर्धंच म्हटलं आणि शुभाने ते सावरून घेतलं. बाबांनी स्वतःच्या कपाळाला हात लावला, दोनदा. म्हणजे, कर आता खूण. माझा हात पदरावर गेला. खरंच गेला. अजून बारा-तेरा मिनिटांचं नाटक बाकी होतं, आणि त्यातलं शेवटचं भांडण, ज्यासाठी मी महिनाभर पहाटे उठत होते.

पदर हातात धरून मी म्हातारीच्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, तांब्या आण."

हे नाटकात नव्हतं. शुभाचे डोळे मोठे झाले. पण ती गेली आणि तिपाईवरचा तांब्या घेऊन आली. तो सजावटीचा, कोरडा ठणठणीत. मी त्यात वाकून पाहिलं. "रिकामा? तुझ्या माहेरी याला पाणी म्हणतात होय?" सभागृह खो खो हसलं. शुभा विंगेकडे धावली. तिथे माझी आई माठाशी उभीच होती. शुभा भरला तांब्या घेऊन आली, माझ्या तोंडाशी धरला.

"पाजू?"

"डोक्यावर ओत."

ती वाकली आणि ओठ न हलवता कुजबुजली, "अगं, सच में?"

"ओत," मी मोठ्यांदा म्हटलं, "या घरात सासूचं डोकं तापलं की असंच करतात. पुण्यात करतील का?"

तिने ओतलं. माठातलं गार पाणी डोक्यावरून मानेवर, पाठीवर, आणि माझा श्वास एकदम आत ओढला गेला. खांद्यांखाली ते कुठे गेलं मला कळलं नाही, पण डोक्यातली धग चर्र झाल्यासारखी विझली. लोक टाळ्या पिटत होते. मी म्हटलं, "आणखी एक." दुसरा तांब्या. तिसऱ्याला माझा पुण्याचा मुलगा झालेला नट स्वतःच ट्रंकेतला हातपंखा घेऊन मला वारा घालू लागला, सेवा करणाऱ्या लेकासारखा, आणि हसण्याचा स्फोट झाला. वारा आला, पाणी वाळायला लागलं, जाकीट कामाला लागलं. रंगमंचाच्या पुढच्या कडेचे दिवे त्याच क्षणी विझले. मला वाटलं, पुन्हा वीज गेली. नंतर कळलं, पाणी वाहत तारांकडे जाताना पाहून रफीकभाईंनी ते बंद केले होते. शेवटचं भांडण मी अर्ध्या उजेडात, पांढरा रंग केसांतून गालांवर ओघळत असताना केलं. एकही शब्द हलला नाही. "मी इथून उठणार नाही," म्हणाले आणि पडदा पडला.

आत आल्यावर बाबांनी बोलायच्या आधी माझ्या उशाशी असायचा तो थर्मामीटर माझ्या तोंडात घातला. शंभर आणि वर दोन रेघा. आईने आधी रागवायला तोंड उघडलं, मग माझे केस पुसायला लागली आणि पुसतच राहिली. रफीकभाई शिडीवरून उतरून आले. "बता तो देते, खां," ते मला म्हणाले, "नीचे करंट दौड़ रिया था, मेरी तो जान निकल गई." आणि मग हसायला लागले. संध्याकाळी निकाल लागला. एकांकिकेला दुसरं बक्षीस. अभिनयाचं बक्षीस इंदूरच्या एका बाईंना गेलं आणि ते योग्यच होतं, मी त्यांचं काम पाहिलं होतं. परीक्षकांनी काकांना सांगितलं, पाण्याचा प्रसंग फार सुंदर लिहिलाय. काका म्हणाले, "नाटक माझं आहे. पाणी तिचं आहे."

मी निघायच्या तयारीत होते तेव्हा जबलपूरच्या मंडळातली एक बाई आली. चाळिशीची, हातात पर्स घट्ट धरलेली. तिने आधी माझ्या खुर्चीच्या चाकांकडे पाहिलं, मग ओल्या जाकिटाकडे. आईने ते खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलं होतं.

"ते पाणी," ती म्हणाली, "नाटकातलं नव्हतं ना?"

"नव्हतं."

"माझा धाकटा भाऊ आहे. सुधीर. विहिरीत पडला, पाठीचा कणा गेला. चार उन्हाळे झाले, मार्च लागला की तो खोलीबाहेर येत नाही. दार लावून पडून राहतो. आम्ही म्हणतो ताप आला, गोळ्या देतो." तिने ओल्या जाकिटाला हात लावून पाहिला. "तुला घाम येतो का गं?"

मी आईकडे पाहिलं नाही आणि बाबांकडेही नाही. तोवर माझ्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं तेच द्यायचे. "येत नाही," मी म्हणाले. "बसा. मी सांगते." आणि मी तिला सगळं सांगितलं. केस कापणाऱ्यांची बाटली, वारा, दुहेरी टॉवेल, कानांची खूण, जाकीट कसं शिवायचं. ती कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर लिहीत होती, जागा संपली तशी कडेकडेने लिहीत गेली. बाबा दोनदा काही सांगायला पुढे झाले आणि दोन्ही वेळा मागे सरले.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. आमचा फोन मधल्या खोलीत होता, आई मला ढकलत घेऊन गेली. पलीकडून एका माणसाचा आवाज आला, बरेच दिवस न बोललेल्या माणसाचा असतो तसा, खरखरीत.

"मी सुधीर. जबलपूरहून. ताईने तुमचा नंबर दिला, फोनही उशाशी आणून ठेवला." मग एका दमात म्हणाले, "मला घामच येत नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, माझ्यातली हिंमत गेली. उन्हाळा आला की मी आळशी होतो, असं वाटायचं मला."

"किती आहे आत्ता?" मी विचारलं.

"काय किती?"

"तुमच्या खोलीत. आणि तुम्हाला."

त्यांच्याकडे थर्मामीटर एकच होता. मी म्हटलं, आधी दुसरा मागवा, आणि कागद-पेन्सिल घ्या. ते म्हणाले, थांबा, आणि फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज ऐकू आला, आपल्या बहिणीला हाक मारणारा. दार उघड, म्हणत होते, आणि मला खुर्चीत बसव.